ओल्या रंगावर आवळलेला बोल्ट

ही गोष्ट सांगायचं मी दहा-बारा वर्षं टाळलं. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे, पुष्कळदा आली. सेल्फ घेत नाही म्हणून एखादी गाडी दुकानापुढे उभी राहायची आणि मी समोरच्याला म्हणायचो, "बॅटरीला नावं ठेवायच्या आदी अर्थची केबल बग." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा अनुभवाचं बोलतोय. अनुभवाचंच होतं. तो कुठल्या गाडीवर आला आणि कुणाला महागात पडला, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पौडला एसटी स्टँडापासून पाच मिनिटांवर माझं दुकान होतं. ट्रक, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर यांच्या वायरिंगची कामं मी तिथे चाळीसेक वर्षं केली. लोक मला मिस्त्री म्हणत. आता हात कापतो, बारीक वायर दिसत नाही, म्हणून दुकान बंद केलं. पण जे लिहायला बसलोय ते स्वच्छ दिसतं. इतकं स्वच्छ दिसायला नको होतं.

खडी वाहणाऱ्या एका मालकाचे चार ट्रक माझ्याकडे कामाला यायचे. त्यातला सगळ्यात जुना ट्रक चौदा वर्षं एकच माणूस चालवत होता. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, कोळवणच्या बाजूचा, घरची भातशेती भावावर सोपवून स्टिअरिंगला बसलेला. बोलणं कमी. केबिनमध्ये चढताना चपला खाली काढून ठेवायचा. पुष्कळ ड्रायव्हर तसं करतात, पण हा कितीही घाईत असला तरी काढायचा. गाडीचा आवाज त्याला कळायचा. सेल्फ फिरला की मान जराशी वाकडी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "आज जड हाय." मी मीटर लावून पाहायचो, तर खरंच काहीतरी कमी असायचं.

न कळणाऱ्यांसाठी एवढं सांगायला हवं. ट्रक सुरू करायला सेल्फला जबर करंट लागतो. तो बॅटरीतून जाड केबलनं जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. त्यासाठी बॅटरीची एक केबल चासीच्या दांड्याला बोल्टनं आवळलेली असते. तिला आम्ही अर्थ म्हणतो. त्या जागी लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. मधे गंज आला, रंग आला, की करंट अडतो. गंमत अशी की दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, कारण त्यांना थोडाच करंट पुरतो. सेल्फ तेवढा खट् करून गप्प बसतो. माणूस म्हणतो, दिवे तर लागतायत, म्हणजे वायरिंग ठीक आहे, बॅटरीच मेलेली. नवशिका असाच फसतो. मी नवशिका नव्हतो.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मी त्या ट्रकला नव्या बॅटऱ्यांची जोडी बसवली. ट्रकला दोन लागतात. मी विकलेल्या बॅटरीच्या अंगावर पिवळ्या तेलरंगाचा एक ठिपका द्यायची माझी पद्धत होती, उद्या कुणी भलतीच बॅटरी आणून माझ्याशी भांडू नये म्हणून. मालकाला मी चार माणसांदेखत म्हणालो, "दोन वरसं झाकण उघडायचं काम न्हाई."

पुढे पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी गाड्यांची पूजा असते, आणि पूजेआधी गाडी धुऊन तिला रंग लागतो. मालकाच्या आवारात चारही ट्रक ओळीनं उभे होते. बॅटऱ्या खाली घेऊन पेटी धुवायची आणि परत जोडून द्यायची, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं. पेंटरनं चासीला आणि बॅटरीच्या पेटीला काळा रंग मारला. बॅटऱ्या बाजूलाच ठेवलेल्या, त्यांच्यावरही त्यानं जाता जाता हात फिरवला. झेंडूच्या माळा आल्या, नारळ आले, भटजी येऊन खुर्चीत बसले.

"मिस्त्री, आवरा की. भटजींना आजून तीन ठिकाणी जायचंय," मालक म्हणाला.

अर्थची जागा पॉलिश पेपरनं घासून चकाकवायची आणि मगच बोल्ट आवळायचा, हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. पॉलिश पेपर माझ्या खिशातच होता. पण रंग अजून ओला, घासायला गेलं की हात काळे होणार, चासीवर ओरखडे दिसणार, आणि मालक म्हणणार नव्या रंगाची वाट लावली. मी ओल्या रंगावरच बोल्ट आवळला. ड्रायव्हरनं सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा मिळाला.

दिवाळीनंतर तो दुकानात आला.

"मिस्त्री, पूजेपासनं गाडी नाटकं करतिया. कवा येका झटक्यात घेती, कवा नुसतं खट् करती."

"मग नारळ कच्चा निगाला आसंल," मी म्हणालो. दुकानात दोघं-तिघं बसले होते, ते हसले.

तो हसला नाही. "थट्टा सोडा. रंग दिला त्या दिसापासनं करतिया. मी ध्यानात ठिवलंय."

मी बॅटरीचं पाणी तपासलं. दोन्हीही उतरलेल्या, त्यातली एक जास्तच. मी त्या रात्रभर चार्जिंगला लावल्या आणि सकाळी परत दिल्या. चार दिवस गाडी बरी चालली. भरलेली बॅटरी अडथळ्यातूनही काही दिवस रेटून नेते. मग पुन्हा तेच. तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा म्हणाला, रंगापासनं. तिन्ही वेळा मी बॅटऱ्या चार्ज करून परत दिल्या. चासीखाली वाकून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

त्याचा त्यानं मार्ग काढला. गाडी उभी करायची तर उतारावरच. आमच्या मुळशीत उताराला तोटा नाही. खडी खाली केली की ट्रक उताराच्या तोंडाशी लावायचा, निघताना ब्रेक सोडून गाडी घरंगळली की गिअर टाकून सुरू करायची. ह्या खटपटीचा त्यानं मालकाला पत्ता लागू दिला नाही. माझं नाव खराब होऊ नये म्हणूनही असेल. हे मला फार उशिरा सुचलं.

मग भूगावला एका बांधकामावर त्याला सपाटीवर गाडी उभी करावी लागली. भर दुपारी ट्रक बांधकामाच्या फाटकातच अडकला. मागे सिमेंटची गाडी, त्यामागे आणखी दोन, बिल्डरची माणसं फोनवर फोन करतायत. मालक जीप घेऊन माझ्या दुकानात आला, मला शेजारी बसवलं आणि वाटभर एकच बोलत राहिला, "चार मान्सांत सांगितलं व्हतं तुमी. झाकण उघडायचं काम न्हाई म्हनला व्हता."

फाटकापाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. गवंडी, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, इस्त्रीचा शर्ट घातलेले साइटचे साहेब. ड्रायव्हर बॉनेटपाशी उभा होता. मी किल्ली फिरवली. दिवे लागलेले, सेल्फचा नुसता खट् आवाज. बॅटरीची पेटी उघडली. एका बॅटरीवर माझा पिवळा ठिपका होता, दुसरीवर नव्हता. तीनदा चार्ज करताना तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि चार्ज बघायची काचेची नळी पाण्यात बुडवून पाहिली तर ज्या बॅटरीवर ठिपका नव्हता तीच जास्त उतरलेली.

मालक माझ्या डोक्यावर उभा होता. "काय मिस्त्री? नवीन बॅटरी दोन म्हैन्यांत मेली?"

त्या क्षणी मला खरंच वाटलं का की बॅटरी बदलली आहे? अर्धवट वाटलं असेल. पण त्याहून जास्त हे वाटलं, की एवढ्या लोकांत माझा शब्द खोटा पडतोय आणि समोर एक वाट मोकळी आहे. मी म्हणालो, "ही जोडी मी दिलेली वाटत न्हाई. माजा ठिपका येकीवरच हाय."

एवढंच बोललो. चोर हा शब्द मी वापरला नाही, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती आणि मी तिला धरून होतो.

मालक ड्रायव्हरकडे वळला. "गाडी दिसरात तुज्या ताब्यात. बॅटरी कुटं गेली?"

"मालक, मी बॅटरीला हात लावला न्हाई. मिस्त्री, तुमीच बसवलीया ती. नीट बगा." तो माझ्याकडे पाहत होता, मालकाकडे नाही. "मी म्हनतोय ना, पूजेपासनं करतिया. रंगापासनं."

"म्हंजे माज्या पूजेनं गाडी बिगाडली व्हय रं?"

लोक हसले. मागच्या एका ड्रायव्हरनं आवाज दिला, "भटजीला बोलवा, त्यालाच सेल्फ मारू दे!" आणखी हसले. मी पेटीत डोकं घालून नट आवळत राहिलो. सगळे नट आवळलेलेच होते.

त्यानं किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. केबिनमधून आपली पिशवी घेतली, चपला पायात घातल्या. खांद्यावर काच पुसायचं फडकं होतं, तिथल्या तिथे थांबला, ते खांद्यावरून काढलं, घडी घातली आणि स्टिअरिंगवर ठेवून आला. "ह्ये गाडीचं हाय," म्हणाला. मग घरच्या बाजूला, पौडच्या दिशेला चालू लागला. इतकी घरं, इतकी दुकानं झालीत आता तिथे, तरी त्या रस्त्यानं जाताना मला तो पाठमोरा दिसतो.

मी दुसरी बॅटरी बसवली, ट्रक सुरू झाला. काढलेली बॅटरी, तीच बिनठिपक्याची, दुकानात आणून कोपऱ्यात टाकली.

महिना-दीड महिना गेला. एके दिवशी सकाळी तोच ट्रक नवीन ड्रायव्हर घेऊन आला, म्हणजे दुसऱ्या ट्रकच्या मागे बांधून आणला. सेल्फ घेत नाही. नवी बॅटरी, नवा ड्रायव्हर आणि तेच खट्. त्या वेळी दुकानात बसायला आलेलं कुणी नव्हतं, मला कुणापुढे शब्द राखायचा नव्हता. मी सुट्या केबलचं एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, मार. सेल्फ असा फिरला की ट्रक हादरला. केबल काढली, खट्. परत लावली, फिरला.

मी खाली शिरून अर्थचा बोल्ट सोडला. केबलच्या कडीखाली काळा रंग होता, वाळून कडक झालेला, बोल्टच्या आट्यांपाशी तेवढा खरवडलेला. त्याच आट्यांवर गाडी इतके दिवस रडतखडत चालली होती. पॉलिश पेपरनं घासलं. काळी भुकटी पडली आणि खालून लोखंड चकाकलं.

मला तेव्हाच कोपऱ्यातली बॅटरी आठवली. ड्रायव्हर चहाला गेल्यावर मी फडकं पेट्रोलमध्ये भिजवून तिच्या अंगावरून फिरवलं. बॅटरी काळी, त्यावरचा रंगही काळा, म्हणून आजवर डोळ्याला लागला नव्हता. फडक्यावर काळं उतरत गेलं आणि खालून माझा पिवळा ठिपका वर आला. थोडा पसरलेला, पण माझाच. एकाच डब्यातल्या एकाच रंगानं ड्रायव्हरची बाजूही झाकली होती आणि माझी चूकही. ती बॅटरी मी चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण भरलेली होती. तिच्यात काहीही दोष नव्हता.

मालकाला मी फोनवर सांगितलं, "कनेक्शन ढिलं व्हतं, आवळलं." तो बरं म्हणाला. त्याच फोनवर आणखी तीन वाक्यं बोलायची होती. उद्या समोर गेल्यावर बोलू, असं मी ठरवलं. मग म्हटलं, आधी ड्रायव्हरला भेटू. मग म्हटलं, त्याला दुसरीकडे काम लागलंच असेल, उगाच जुनं कशाला उकरायचं. एक दिवस गप्प बसलो ती चूक होती. महिनाभर गप्प बसण्याला काय म्हणतात, ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याला काही नाव देत नव्हतो.

त्याला काम लागलं नव्हतं. पौडपासून भूगावपर्यंत ट्रकवाले सगळे एकमेकांना ओळखतात, आणि गाडीतलं डिझेल नाहीतर बॅटरी चोरून विकणाऱ्या ड्रायव्हरला कुणी किल्ली देत नाही. स्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर तो एकदा आला, तेव्हा मी आतल्या बाकावर होतो. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बॅटऱ्या संबाळा रं, पावनं आलं!"

दुसरा म्हणाला, "मोबाइलमदली बी काडून ठेव!"

टपरीवाल्यानं त्याच्यासमोर ग्लास ठेवला होता. त्यानं त्याला हातही लावला नाही, उठून गेला. जाताना त्याची नजर आत आली. मी चहात खारी बुडवत होतो. ती तुटून ग्लासात पडली आणि मी ती बोटानं काढत बसलो. ह्या वेळेला मला सगळं ठाऊक होतं. भूगावच्या फाटकात मी निदान अर्धा अजाण होतो, इथे नव्हतो.

नंतर पाच-सहा वर्षांनी कोळवणहून एका बाईंचा फोन आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या, कोळवणला शेत घेऊन घर बांधलेलं, जीप बरेच दिवस उभी राहिल्यामुळे सुरू होत नव्हती. मी गेलो. फाटक उघडायला तोच आला. केस पांढरे, हातात काठी, अंगात राखणदाराचा खाकी शर्ट.

"या मिस्त्री," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जीपपाशी गेल्यावर म्हणाला, "अर्थ मी घासून ठिवलाय. आदी तेवडंच करून बगितलं. बॅटरीच गेली वाटतं, पर तुमी बगा."

मी पाहिलं. अर्थची जागा आरशासारखी घासलेली होती. मी स्वतः इतकी स्वच्छ कधी घासली नसेल. आणि बॅटरीच गेलेली होती. तो म्हणाला तसंच.

मी माझ्याजवळची बॅटरी बसवली. त्यानं आतून चहा आणला. आम्ही पायरीवर बसलो. पुढे भाताची खाचरं होती, दोन बायका बांधावर बसून भाकरी खात होत्या. मग एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "आपली गाडी कशी हाय?"

आपली गाडी म्हणाला.

"गेली भंगारात. झालं वरीस."

"शेवटी सेल्फ घेत व्हती का?"

"घेत व्हती."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "मग त्या टायमाला काय निगालं व्हतं वो?"

इतकी वर्षं मी जे बोलायची संधी शोधत होतो असं स्वतःला सांगत आलो, ती त्यानं माझ्या हातात आणून ठेवली. विचारताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, खाचराकडे पाहत होता. मला सोपं जावं म्हणून असेल. आजूबाजूला माणूस नव्हता. मालक नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. मला फक्त म्हणायचं होतं, रंग.

मी म्हणालो, "जुनी गाडी. काय ना काय निगायचंच."

त्यानं माझा ग्लास उचलून आपल्या ग्लासात घातला. "व्हय," म्हणाला. "जुनी व्हती." आणि रिकामे ग्लास घेऊन आत गेला.

फाटकापर्यंत पोचवायला आला. मी माझ्या मोटरसायकलला किक मारली, ती पहिल्या किकला सुरू झाली. त्यानं मान जराशी वाकडी करून आवाज ऐकला आणि म्हणाला, "चांगली ठिवलीया." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गेल्या भातकापणीच्या सुमारास तो गेला. दहाव्याला मी नदीवर गेलो होतो. मालकही आला होता, आता तोही थकलाय. मुलीच्या आधारानं पायऱ्या उतरला. विधी होईपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. तो हळूच म्हणाला, "मानूस गुनी व्हता वो. तेवडी बॅटरीची गोष्ट सोडली तर."

आम्हा दोघांपासून चार हातांवर ड्रायव्हरचा मुलगा उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानं मान खाली घातली, विरोध केला नाही. म्हणजे बापाबद्दलची ही गोष्ट त्यानंही खरी मानून घेतली होती. आणि मी? मी मालकाला "हं" म्हणालो.

त्या "हं"साठी हे लिहिलं. मालकाकडे मी परवा जाऊन आलो. बॅटरी, ठिपका, रंग, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला सांगताय?" ड्रायव्हरच्या मुलाला हा कागद मी स्वतः नेऊन देणार आहे. तो जे म्हणेल ते उभं राहून ऐकणार आहे. पण ज्याला सांगायचं होतं तो त्या पायरीवर माझ्या शेजारी बसून विचारत होता, आणि त्याला द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, अजूनही तसंच आहे:

दादा, रंगच निघाला. तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होता तोच. ओल्या रंगावर बोल्ट मी आवळला. बॅटरी माझीच होती, ठिपका रंगाखाली होता, आणि हे मला तुमची किल्ली गेल्यावर दीड महिन्यात कळलं होतं. तुम्ही गाडीचं फडकंसुद्धा नेलं नाहीत. मला माफ करा.